स्टील गिटार: तार न दाबता वाजणारी ही गिटार माणसाला पकडते कशी?

२०२४ मध्ये बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' आला, पुढच्या फेब्रुवारीत त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं, आणि तिने कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) गावं की नाही यावर सोशल मीडियावर मनसोक्त भांडणं झाली. त्या गोंधळात '१६ कॅरेजेस' या गाण्यात स्टील गिटार कोण वाजवतंय इकडे आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तो रॉबर्ट रँडॉल्फ. न्यू जर्सीचा माणूस, चर्चमध्ये वाजवत मोठा झालेला, कंट्रीवाल्यांच्या गावाशी तसा संबंध नाही. तरी त्याला बोलावलं गेलं, आणि का बोलावलं हे समजून घ्यायचं तर आधी हे वाद्य काय आहे ते समजायला लागतं.

आता 'स्टील गिटार' म्हटलं की अर्ध्या लोकांना वाटतं स्टीलची बनवलेली गिटार. तसं नाहीये. आणि तुम्ही हे वाद्य ऐकलेलं नाही असंही होणार नाही. जुन्या रेडिओवर बातम्यांना दोन मिनिटं कमी असली की एखाद्या फिल्मी गाण्याची धून लागायची, शब्द नाहीत, नुसता एक लांबलचक, वळत जाणारा, तारेचाच पण जवळजवळ गळ्यासारखा आवाज. ती बऱ्याच वेळा हवाईयन गिटार असायची. हवाईयन गिटार आणि स्टील गिटार एकाच घरातल्या.

## आधी वाद्य म्हणजे काय ते बघू

नेहमीच्या गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. डाव्या हाताने तार दाबली की ती पट्टीला टेकते, तेवढी तार आखूड होते आणि ठरलेला सूर वाजतो. म्हणजे सूर कुठे आहे ते कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं.

स्टील गिटारमध्ये तार दाबतच नाहीत. गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात, तारा थोड्या उंचावर असतात, आणि डाव्या हातात एक गुळगुळीत जड स्टीलचा रॉड असतो (त्या रॉडवरूनच नाव पडलं). तो तारांवर नुसता टेकवून फिरवायचा. उजव्या हाताच्या बोटांना नख्या लावलेल्या असतात, त्यांनी तारा छेडायच्या. फ्रेट असल्या तरी त्या नुसत्या खुणेपुरत्या, कितीतरी वेळा तर पट्टीऐवजी नुसती रेघच रंगवलेली असते.

फरक कळायला मुंबईकरांसाठी सोपं आहे. फ्रेटवाली गिटार म्हणजे लोकल, दादर नाहीतर माटुंगा, मध्ये उतरता येत नाही. स्टील गिटार म्हणजे रिक्षा, हव्या त्या दारात थांबेल, पण पत्ता तुम्हाला माहीत पाहिजे कारण इथे स्टेशनची पाटी नाही आणि अनाउन्समेंटही नाही.

हे कुणी शोधलं? मान बहुतेक जोसेफ केकुकूला देतात. १८७४ चा जन्म, हवाईतल्या ओआहू बेटावरच्या लाये गावचा. शाळकरी वयात, १८८० च्या दशकात, कुठल्यातरी धातूच्या वस्तूने तारेवर घासून बघितलं आणि नाद लागला. ती वस्तू बोल्ट होता, कंगवा होता की सुरीची पाठ, याच्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा एक दावेदार आहे गेब्रिएल डेव्हियन नावाचा खलाशी, आणि गंमत म्हणजे तो मूळचा हिंदुस्थानात जन्मलेला होता असं सांगतात. इथून काही लोक थेट विचित्र वीणेपर्यंत उडी मारतात. रुद्रवीणेच्याच जातीच्या वाद्यावर काचेचा गोळा फिरवून वाजवायची आपली पद्धत जुनी आहे हे खरं, दक्षिणेत गोट्टुवाद्यम आहे हेही खरं, पण तिथून ते हवाईला गेलं असं छातीठोक म्हणावं इतका पुरावा नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर 'गिटार मुळात आपलीच' असा मेसेज आला तर जरा दमाने घ्या.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाईच्या दालनात हे संगीत वाजलं आणि अमेरिकेला वेड लागलं. आणखी एक मजा सांगतो, जगातली पहिली चांगली खपलेली इलेक्ट्रिक गिटार ही रॉक वाजवायची गिटार नव्हती. ती मांडीवरची स्टील गिटार होती, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली रिकनबॅकर कंपनीची, अ‍ॅल्युमिनियमची, गोल अंग आणि लांब दांडा असल्यामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे.

## नुसतं घसरवायचंय, त्यात काय अवघड?

हा प्रश्न हमखास येतो. आणि रास्त आहे, कारण वाजवणाऱ्याचा डावा हात बघितला तर तो नुसता इकडून तिकडे सरकताना दिसतो, गिटारवाल्यासारखी बोटांची सर्कस नाही.

आता जरा हिशोब बघा. पेडल स्टील या प्रकारात (पायाने दाबायची पेडल असलेली स्टील गिटार, तिच्याबद्दल पुढे) तारेची लांबी साधारण २४ इंच असते, म्हणजे ६१ सेंटिमीटर. त्यात पहिल्या सुरापासून पुढचा अर्धा स्वर साधारण ३४ मिलिमीटरवर येतो. पण जसजसं वर जाल तसतशी जागा आवळत जाते, बाराव्या खुणेपाशी तेच अंतर १७-१८ मिलिमीटर होतं. म्हणजे तिथे रॉड एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाला तरी सूर अर्ध्या स्वराच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्याने हलला. एवढी चूक तयार कानाला कळते. चोवीसाव्या खुणेपाशी तर अर्धा स्वर नऊच मिलिमीटरात.

त्यात परत डोळ्यावर भरवसा ठेवायची सोय नाही. वादक वरून तिरका बघत असतो, त्यामुळे रॉड रेघेवर आहे असं त्याला दिसतं तेव्हा तो खरंतर थोडा पुढेमागे असतो. म्हणून जुने वादक नजर रेघेवर ठेवून तिथपर्यंत पोचतात आणि शेवटचं अंतर कानाने कापतात. हे सगळं सेकंदाच्या आतबाहेर.

मग कंप. रॉड सुराच्या दोन्ही बाजूंना हलकासा हलवला की सूर जिवंत वाटतो, आपल्याकडे आंदोलन म्हणतात तशातलं. नवशिका याचा गैरफायदा घेतो. सूर नक्की सापडला नाही की मोठा कंप देऊन टाकतो, म्हणजे सूर त्या पट्ट्यात कुठेतरी असेलच. ऐकणाऱ्याला 'वा काय भावपूर्ण' वाटतं पण शेजारी बसलेल्या व्हायोलिनवाल्याला लगेच कळतं की हा लपवतोय. उलट पक्का वादक काय करतो, आधी सुरावर सरळ येतो, थांबतो, सूर तिथेच आहे हे दाखवून देतो आणि मग कंप सुरू करतो. ही एक गोष्ट ऐकली की सोबतचे वादक अर्धे जिंकलेले असतात, बाकी करामत नंतर.

अजून एक न दिसणारं काम म्हणजे आवाज बंद करणं. रॉड सगळ्या तारांवर टेकलेला असतो, त्यामुळे एक सूर वाजवून पुढे सरकलात की आधीची तारही गुणगुणत सोबत सरकते आणि सगळा काला होतो. म्हणून उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून जुना सूर मारायचा आणि लगेच उचलून नवा छेडायचा. याला ब्लॉकिंग म्हणतात. माझ्या मते स्टील गिटारची निम्मी विद्या या तळव्यात आहे. चांगल्या वादकाचा एकेक सूर पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ येतो तो त्यामुळे, आणि रेकॉर्डिंगला बसलेला साउंडवाला त्याच्यावर खूश असतो तोही त्यामुळेच.

## गंधाराची भानगड

इथे मराठी वाचकाला फार समजावत बसायची गरज नाही, कारण हार्मोनियमवरून आपल्याकडे हे भांडण होऊन गेलंय. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत पूर्ण उठली नाही. आक्षेप दोन होते, हार्मोनियमवर मींड येत नाही, आणि तिचे स्वर ठोकळेबाज. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाला ही बंदी अतीच वाटणार, पण आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते.

तंबोरा नीट जुळला की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो गंधार आणि हार्मोनियमच्या किंवा पियानोच्या पट्टीचा गंधार एक नाही. पियानोचा थोडा चढा असतो, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग. कान याला सरावलेला असतो म्हणून पियानोवर खटकत नाही. पण एखादा लांब सूर दोन वाद्यं मिळून धरतात तेव्हा तेवढ्या फरकाने आवाजात एक थरथर येते, आणि तो फरक मिटला की आवाज एकदम स्थिर होतो आणि मोठा वाटतो.

स्टील गिटारवाल्याच्या हातात हा फरक मिटवायची सोय आहे. रॉडने सगळा सूरच वरखाली करता येतो, आणि पेडल स्टीलवाले तर गंधाराच्या तारा मुळातच ट्यूनिंगच्या मशीनच्या काट्यापेक्षा थोड्या उतरत्या लावतात. पण बँडमध्ये पियानो पण असतो, तो तर बदलणार नाही. मग किती उतरवायचं? पूर्ण चौदा भाग उतरवलं तर स्वतःचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) गोड लागेल पण पियानोशी भांडेल, अजिबात नाही उतरवलं तर उलट. त्यामुळे प्रत्येक वादकाची स्वतःची तडजोड असते आणि त्यावर हे लोक तासन्‌तास वाद घालू शकतात, अगदी आपल्याकडे तंबोरे लावताना होतात तसे. ऐकणाऱ्याला यातलं काहीही माहीत नसतं. त्याला फक्त एवढंच जाणवतं की हा माणूस वाजवायला लागला की सगळा बँडच सुरात वाटतोय.

## पेडल कशाला?

साध्या स्टील गिटारची एक मोठी अडचण होती. रॉड सरळ असतो, म्हणून सगळ्या तारांचा सूर एकत्र वर किंवा खाली जातो. रॉड तिरका धरून थोडं भागतं, पण थोडंच.

म्हणून पायाने दाबायची पेडल आली. पेडल दाबलं की आतल्या यंत्रणेने एखाददुसरी तार ओढली जाते आणि तेवढ्याच तारेचा सूर चढतो. १९४० च्या आसपास अशा गिटारी होत्या, पण लोक त्याचा उपयोग दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायला करायचे. मग १९५४ मध्ये वेब पिअर्स या कंट्री गायकाचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर जागेवर, आणि त्याच्या पोटातून दुसरा वर सरकत जातो. आज हे इतकं ऐकून झालंय की कंट्री म्हटलं की तेच आठवतं, पण तेव्हा रेडिओ ऐकणाऱ्या स्टीलवाल्यांना कळेचना की हा रॉडने असं कसं करतो. कळल्यावर अनेकांनी आपापल्या गिटारला खटपटी करून पेडल बसवली. सोबतच्या वादकांना जिंकणं म्हणजे काय याचं याहून स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही, टाळ्या वाजवून नाही तर स्वतःचं वाद्य फोडून दिलेली दाद.

पुढे बडी एमन्स आला. १९३७ चा, इंडियाना राज्यातला, अठराव्या वर्षी कंट्रीवाल्यांच्या गावात, नॅशव्हिलमध्ये, लिटल जिमी डिकन्सच्या बँडमध्ये. आयझॅक्सच्या पद्धतीत एकच पेडल दोन सूर एकदम चढवायचं. एमन्सने ते काम दोन पेडलांत वाटलं, म्हणजे पाहिजे तर हा सूर, पाहिजे तर तो, पाहिजे तर दोन्ही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यामुळे वादकाला एकाच जागी रॉड ठेवून सूर आत विणायची मोकळीक मिळाली, आणि आज दहा तारांचं जे नेहमीचं पेडल स्टील असतं त्यावर हीच वाटणी असते. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे कामाला असतात, कारण गुडघ्याने ढकलायचे लिव्हरही असतात. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. तार छेडली की तिचा आवाज उतरत जाणारच, तर तो जसा उतरेल तसं पेडल हळूहळू दाबत न्यायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर उतरतोय असं वाटतच नाही, श्वास न घेता कुणी गातंय असं वाटतं. तार छेडल्याचा 'टण्‌' सुद्धा याने झाकता येतो, त्यामुळे सूर सुरू कधी झाला तेच कळत नाही.

## गाणाऱ्याच्या वाटेत यायचं नाही

आता मुद्द्याचं. इतकं सगळं हातात असताना हा माणूस वाजवतो किती? फार कमी. आणि माझं मत असं की लोकांना आणि वादकांना तो जिंकतो ते इथे, वेगाने नाही.

कंट्री गायक हँक विल्यम्सच्या 'युअर चीटिन हार्ट'चं सुरुवातीचं वाजवणं ऐका. सप्टेंबर १९५२ मधलं रेकॉर्डिंग, हँकचं शेवटचं सेशन, नंतर १ जानेवारी १९५३ ला तो गेलाच. स्टीलवर डॉन हेल्म्स, पेडल नाहीत. सूर मोजके, पण खूप वरच्या पट्टीत, जवळजवळ टोचणारे. वर का? कारण प्रोड्युसर फ्रेड रोझने त्याला वरच वाजवायला सांगितलं होतं. हँकचा आवाज मधल्या पट्टीत, तिथे स्टील आलं की दोघं एकमेकांवर चढणार. वरच्या पट्टीत राहिल्यामुळे गाणाऱ्याला संपूर्ण जागा मोकळी मिळाली आणि स्टील त्या काळच्या फालतू रेडिओवरसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. आणि हेल्म्स वाजवतो कुठे ते बघा. ओळ संपली, गायकाने श्वास घेतला, तेवढ्यात दोन-चार सूर, आणि पुढचा शब्द यायच्या आत बाहेर.

ख्याल ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. सारंगीवाला काय किंवा पेटीवाला काय, गायक जागा घेतो तेव्हा मागून सावलीसारखा, गायक थांबला की त्याच्याच शेवटच्या सुराचं बोट धरून पूल बांधायचा आणि समेच्या आधी हात काढून घ्यायचा. साथीला बसून स्वतःची तयारी दाखवणाऱ्या पेटीवाल्याला दुसऱ्यांदा कोण बोलावतं? नॅशव्हिललाही तेच.

नियम मोडल्याचंही एक छान उदाहरण आहे. १९६८ मध्ये बर्ड्‌स हा रॉक बँड 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' करायला नॅशव्हिलला आला, स्टीलवर लॉइड ग्रीन. ग्रीनने नंतर सांगितलंय की त्याने सवयीप्रमाणे विचारलं, मी नेमकं कुठे भरायचं, सुरुवातीला, कडव्याच्या मध्ये, कुठे? तर उत्तर आलं, सगळीकडे. त्याला मजा वाटली कारण असं कुणी कधी म्हणालंच नव्हतं. पण ते रेकॉर्डिंग ऐकलं तर कळतं की 'सगळीकडे' वाजवूनही तो शब्दांवर बसत नाही, शब्दांच्या खालून वरून जातो. म्हणजे जागा सोडायची सवय इतकी मुरलेली की मोकळीक दिली तरी सुटत नाही.

## पण हे वाद्य रडकंच ना?

हा आक्षेप कंट्री न आवडणारे लोक घेतात आणि थोडा खरा आहे. सूर हळू चढत-उतरत गेला की आपल्याला माणसाच्या रडण्याची आठवण होते, त्यात दारू आणि ब्रेकअपची गाणी, मग काय. पण तो दोष गाण्यांच्या विषयाचा जास्त.

रँडॉल्फचंच बघा. 'हाउस ऑफ गॉड' नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून ऑर्गनऐवजी स्टील गिटार वाजते. तिथे ती रडत नाही, ओरडते, हसते, धर्मोपदेशकाच्या बोलण्याला उत्तर देते, लोकांना उठवून नाचवते. विली ईसन नावाच्या वादकाने एका तारेवर माणसाच्या आवाजाची नक्कल करत ही शैली आणली. साठेक वर्षं हे सगळं बहुतांशी त्या चर्चच्या जगातच होतं, १९९७ मध्ये 'सेक्रेड स्टील' नावाने रेकॉर्डिंग बाहेर आलं तेव्हा बाहेरच्या लोकांना ते कळलं. बियॉन्सेने रँडॉल्फला घेतलं त्यामागे हा वारसा आहे, त्यामुळे 'कंट्रीचं वाद्य आणलं' एवढंच म्हणणं अपुरं आहे.

आणि एमन्सने १९६३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन 'स्टील गिटार जॅझ' केला, सोबत जेरोम रिचर्डसन सॅक्सोफोनवर, आर्ट डेव्हिस बासवर, चार्ली पर्सिप ड्रम्सवर, म्हणजे जॅझमधली खणखणीत नावं. कंट्रीतला पोरगा मांडीवरच्या गिटारसारखं काहीतरी घेऊन आलाय हे बघून काय वाटलं असेल ते असो, रेकॉर्डवर तरी तो त्यांच्या बरोबरीने बोलतो. त्यात रडणं शोधून सापडणार नाही.

## आपल्याकडे सतार-सरोद असताना गिटार कशाला?

जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांच्या घरी हाच प्रश्न पडला होता. वडिलांना हे परदेशी खूळ पसंत नव्हतं, मग मुलाने शब्द दिला की मी यावर फक्त शास्त्रीयच वाजवीन, असं सांगितलं जातं. शब्द पाळला. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले, म्हणजे सरोदची तालीम स्टील गिटारवर.

१९६७ मध्ये एचएमव्हीने 'कॉल ऑफ द व्हॅली' काढला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूरवर तेव्हा टीका काय व्हायची? यात मींड नाही, सूर तुटक. आणि गिटार म्हणजे सगळी मींडच. दोघं शेजारी बसले आणि एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढलं. संतूर थेंबाथेंबाने पडतं, गिटार ते थेंब जोडत जाते. शास्त्रीय न ऐकणाऱ्या लाखो घरांत ही रेकॉर्ड पोचली, आणि 'गिटारवर राग होतो का' हा प्रश्न विचारणं लोकांनी बंद केलं.

पुढे विश्वमोहन भट्ट. गिटारला चिकारीच्या (मध्ये मध्ये छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप गुंजणाऱ्या) तारा लावून वीसच्या आसपास तारांची मोहनवीणा केली. राय कूडर या अमेरिकन स्लाइड गिटारवाल्याबरोबर (तोही तारेवर घसरवूनच वाजवतो) कॅलिफोर्नियात एका चर्चमध्ये 'अ मीटिंग बाय द रिव्हर' रेकॉर्ड केला तेव्हा दोघांची ओळख अगदी ताजी होती, आधी रिहर्सल नाही. १९९४ मध्ये ग्रॅमी. ते ऐकताना लक्षात येतं की दोघं एकमेकांचं वाजवणं कापत नाहीत. एकजण वाक्य सोडतो, दुसरा त्याच सुरावर उतरून पुढे नेतो. भाषा वेगळी, पण सुरावर येऊन थांबायची शिस्त तीच. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य हे काब्रांचेच शिष्य, त्यांनी तर स्वतःच्या तीन वेगवेगळ्या गिटारी घडवल्या, चतुरंगी, गांधर्वी, आनंदी.

मुंबईच्या फिल्मी दुनियेतला मोठा माणूस म्हणजे व्हॅन शिपली. मूळ लखनौचे, स्वतः तयार केलेली आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार, आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्सच्या अ‍ॅकॉर्डियनबरोबर वाजवलेल्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड. आता फिल्मी धून म्हटलं की शास्त्रीयवाले नाक मुरडतात. पण विचार करा, लताबाईंनी गायलेलं गाणं लोकांना पाठ आहे, शब्द काढून घेतले, आणि तेच गाणं तुम्ही तारेवर वाजवताय. एक हरकत इकडची तिकडे झाली की पानवालासुद्धा पकडणार. अहो, यापेक्षा कडक परीक्षा कुठल्या मैफिलीत होते?

## कीबोर्डवर नाही का होत हे?

होतं, थोडं. नेहमीच्या कीबोर्डला डाव्या बाजूला एक चाक असतं, त्याने सूर वाकवता येतो. पण ते चाक वाजणारे सगळे सूर एकदम वाकवतं. पेडल स्टीलचं मर्मच हे की एक सूर हलतो आणि बाकीचे जागेवर राहतात. नवीन महागड्या कंट्रोलरवर प्रत्येक बोटाचा सूर वेगळा वाकवता येतो, तिथे नक्कल बरीच जवळ जाते. तरी रॉडचा तारेवर होणारा बारीक घासल्याचा आवाज, कंपाची दर वेळी बदलणारी रुंदी आणि ब्लॉकिंगमधली ती क्षणाची शांतता हे सगळं हाताने भरावं लागतं, आणि एवढा वेळ घालवायचा तर माणूस बोलावलेला स्वस्त पडतो.

## स्वतः करून बघायचं असेल तर

पेडल स्टील आपल्याकडे मिळणं अवघड आणि महाग, त्या फंदात पडू नका. घरात कुणाची तरी धूळ खात पडलेली साधी गिटार असेलच. एक्स्टेन्शन नट नावाचा छोटा धातूचा तुकडा मिळतो, तो मानेच्या टोकाला मूळ नटवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) बसवला की तारा उंच होतात आणि गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवता येते. स्टीलचा रॉड वाद्यांच्या दुकानात हवाईयन गिटारचा म्हणून मागा, हलका घेऊ नका, हलक्याने तार खरखरते. रॉडच्या मागे दोन बोटं तारांवर हलकी टेकलेली राहू द्या, नाहीतर मागची तार पण वाजत बसते.

फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा, एकच तार त्याच्या सा ला मिळवा. बाराव्या फ्रेटवर वरचा सा आहे, सातव्यावर प, चौथ्यावर ग. रॉड बरोबर पट्टीच्या वर धरायचा, नेहमीच्या गिटारसारखा पट्टीच्या मागे नाही. आधी प वर जा, तंबोऱ्यात तो विरघळतोय का बघा. मग ग. चौथ्या पट्टीच्या बरोबर वर रॉड ठेवलात तर तो तंबोऱ्याशी किंचित भांडेल, मग रॉड किंचित मागे घ्या, साधारण चार मिलिमीटर, आणि ऐका. कंप द्यायचा नाही, निदान पहिले काही आठवडे तरी.